हळू सायकल चालवण्याचे दिवस

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी सेलूजवळच्या आमच्या गावाहून वर्ध्याच्या कॉलेजात सायकलने जात असे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गात उत्तर येत असूनही तोंड उघडायची हिंमत होत नसे. सायकल मात्र जमायची. हिवाळ्यात कॉलेजांची सायकल शर्यत असे, तिच्यासाठी आपली निवड व्हावी एवढीच त्या वर्षी माझी इच्छा होती.

खेळाचे सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत कोणी जोर लावायचा नाही. रोज लांब चालवा, पण गाणं म्हणता येईल इतकं हळू. आधी पाया भरू, वेग मागून चढवू." रोज सकाळी कॉलेजच्या फाटकापाशी जमून आम्ही मुलं सरांबरोबर आणखी लांब जायचो. उशिरा येणाऱ्याचं नाव ते कापणार होते.

सरांचं म्हणणं मी मनापासून पाळलं. अडचण गावात झाली. आमच्याकडे घाईतल्या माणसाला कोणी अडवत नाही, पण सावकाश जाणारा रिकामाच असतो, अशी समजूत. "आरामातच चालला ना तू? मंग हे वांगे पिपरीले माह्या बहिणीकडे देजो," शेजारची काकू म्हणायची. दुसऱ्या दिवशी कोणाची तुरीची डाळ बोरगावला. एकदा तर कॅरिअरवर कोहळं आणि हँडलला जिवंत कोंबडी. त्या दिवशी मला गाणं म्हणावं लागलं नाही, वर्ध्यापर्यंत तिनेच सूर धरला होता.

नाही म्हणणं मला जमेना. ज्या घरी पिशवी द्यावी तिथे चहा घ्यावाच लागे. शेवटी सरांनी बजावलं, "आता एकदा जरी उशीर झाला, तर तुझं नाव गेलं."

त्या संध्याकाळी कसंबसं बाबांना सांगितलं. "थांब, मी पाहतो," ते म्हणाले. पारावर जाऊन त्यांनी सांगून टाकलं, की पोराला डॉक्टरनं ओझं न्यायला मनाई केली आहे.

गावाने हिशेब जुळवला : म्हणूनच पोरगं हळू चालवते! दुसऱ्या दिवसापासून पिशव्या थांबल्या आणि उपचार सुरू झाले. काकूने डिंकाचे लाडू आणून दिले. गावातला दूधवाला एरवी कॅन वाजवत मला मागे टाकून जायचा, तो आता माझ्या बाजूने हळूहळू येऊ लागला.

"चक्कर येऊन राह्यली का बे?"

"नाही भाऊ."

"लाजू नको. आली तर सांगजो, मी हावो ना."

असं तो अर्धा रस्ता विचारायचा आणि मी उत्तरं द्यायचो. सरांना हवं होतं तसं, बोलत बोलत चालवणं त्यात आपोआप साधत गेलं. फाटकापाशीही वेळेवर पोचू लागलो.

दिवाळीनंतर सरांनी वेग वाढवला. निवडीच्या दिवशी शेवटच्या चढावर बाकीच्यांना धाप लागली, तेव्हा माझ्या पायांत अजून दम होता. माझं नाव संघात आलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते हसले, शेजाऱ्यांना हाक मारायला उठले आणि दारातच थांबले.

"अबे, आता लोकायले काय सांगू? ते तर तुले बिमार समजतात."

मग बाबा बाहेर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगं बरं झालं हो. इतकं बरं झालं, का शर्यतीत घेतलं त्याले."