वर जाणारा बाण

पदवीच्या पहिल्या वर्षाला मी भौतिकशास्त्र शिकवतो. यंदा शिकवायला सुरुवात करण्याआधीच मी वर्गाची एक चाचणी घेतली. आकडेमोड नाही, सूत्र नाही. चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटला, अजून वर चाललाय. हवेचा अडथळा सोडून द्या, आता त्याच्यावर कोणतं बल आहे? उत्तर एकच, खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण. जवळजवळ अख्ख्या वर्गानं लिहिलं की वर ढकलणारं हाताचं बलही आहे. फक्त एका मुलीनं बरोबर लिहिलं होतं. अंदाजपंचे लागलं असेल, म्हणून मी सोडून दिलं.

चार महिने घसा फोडून शिकवलं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तोच पेपर पुन्हा दिला. पुन्हा तेच! पालथ्या घड्यावर पाणी, म्हणत मी चिडून कागद उलटत गेलो. त्या मुलीचा कागद आला आणि हात थांबला. तिचंही उत्तर आता चुकलं होतं.

बाकीचे शिकले नाहीत, हे मी पचवलं असतं. पण हिला येत होतं, आणि माझ्या हाताखाली ते गेलं. धरमपेठेतल्या कॉलेजातून प्रताप नगरला घरी येताना रोजचं वळण चुकलो. जेवताना बायकोनं दोनदा विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का. मला सांगता येईना.

सकाळी पहिल्या तासाआधीच त्या मुलीला गाठलं. "उत्तर काहून बदललं, बेटा?"

ती घाबरली. "आमचे बाबा गवंडी हायेत, सर. हुडकेश्वरात काम चालू हाय. खालून वीट फेकतेत, वरचा झेलते. हातातून सुटली का मंग आपला जोर कुठी चालते तिच्यावर? म्हणून पहिले तसं लिवलं होतं."

"मग?"

"तुम्हीच त फळ्यावर चेंडू काढून वर जाणारा बाण दाखवला, सर. मले वाटलं, मीच चुकून राहिली."

तो बाण वेगाचा होता. बलाचा बाणही मी त्याच पांढऱ्या खडूनं काढतो, आणि बाणाशेजारी नाव लिहिण्याचा मला कंटाळा. इतकी वर्षं असंच चाललंय. घडा पालथा नव्हताच. मला माझीच लाज वाटली.

तासाला फळ्यावर चेंडू काढला, वर्गाला माझी चूक सांगितली आणि खडू तिच्या हातात दिला. म्हटलं, बलाचा बाण काढ. तिनं खाली जाणारा एकच बाण काढला. बरोबर होता. पण खडू खाली न ठेवता ती माझ्याकडे पाहत राहिली.

"बरोबर हाय ना, सर?"

पहिल्या चाचणीत तिनं हे कुणालाच विचारलं नव्हतं.