हिसाकोसानच्या शेतातलं करपलेलं भांडं

विभाला करपलेलं भांडं बघवत नसे. स्वतःच्या घरचं सोडाच, पण कुणाकडे जेवायला गेली आणि सिंकमध्ये बुडाशी लागलेलं पातेलं दिसलं, की बाई बाह्या सरसावून घासायलाच घ्यायची. यजमानीण संकोचायची, नवरा हरीश वैतागायचा, पण विभाचे हात काही ऐकायचे नाहीत. या सवयीने तिचं कधी काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते एकदाच, आणि तेही नागोयात.

हरीश मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या पाठोपाठ ती जपानात आली आणि पहिली सात वर्षं 'हरीशसानची बायको' याच हुद्द्यावर काढली. भाषेचे वर्ग झाले, कुठल्या वारी कुठला कचरा ते पाठ झालं, लेक शिकायला तोक्योला गेली आणि मग घर खायला उठलं. अशात एक दिवस नगरपालिकेच्या फलकावर तिने जाहिरात वाचली: उत्खननावर माणसं हवीत, अनुभवाची गरज नाही, टोपी स्वतःची आणावी. टोपी होती. विभा दुसऱ्या दिवशी हजर.

शहराच्या कडेला एका गावात कोबीच्या शेतावर बारा नवी घरं होणार होती. आता तिकडची रीत अशी, की जमिनीखाली जुन्या वस्तीच्या खुणा असल्या, तर पाया घालण्याआधी सगळं उकरायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं. मग खुशाल घरं बांधा. हे उकरायचं काम करणारे कोण म्हणाल, तर गावातलेच निवृत्त आजोबा आणि आज्या! पन्नाशीची विभा त्यांच्यात अगदी पोरसवदा ठरली.

तिची जोडी जमली हिसाकोसानशी. वय अठ्ठ्याहत्तर, कमरेत वाकलेली, पण खुरपं हातात आलं की कुणाला हार जायची नाही. आणि गंमत म्हणजे ते शेत तिचंच होतं. पन्नास वर्षं नवऱ्याबरोबर तिथे कोबी आणि मुळे काढले. नवरा गेला, मुलगा ओसाकात रमला, तिने जमीन विकली आणि विकल्यावर त्याच जमिनीवर रोजाने कामाला आली. लोकांना हसू यायचं. तिला त्याचं काही नव्हतं.

कारण तिचं वेगळंच होतं. नवरा नांगरायला गेला, की फाळाला खापरं लागायची. तो ती बांधावर रचून ठेवायचा आणि दरवेळी म्हणायचा, आपल्या आधी इथे कोण राहत होतं कोण जाणे, किती वर्षं झाली असतील त्याला. हे कोडं घेऊनच तो गेला. हिसाकोसान रोज सकाळी त्याच्या फोटोपुढे वाटीभर भात ठेवते आणि कालचा दिवस सांगते. आपल्या आधीचं माणूस किती जुनं, ते विचारून येते, असं तिने त्याला कबूल केलं होतं. एवढं एक कळलं की मी मोकळी, असं ती विभाला कितीदा तरी म्हणाली होती.

मार्चमध्ये, काम संपायला तीन आठवडे उरले असताना, या दोघींनाच ते सापडलं. जुन्या घराची जमीन, नांगराने विस्कटलेली चूल आणि तिच्याशेजारी मातीच्या भाराने चेपून गेलेलं एक भांडं. बांबूच्या काडीने माती सोडवत दोन दिवस गेले. आतल्या बाजूला काळा थर होता, शिजवलेल्या अन्नाचा. कामाचे प्रमुख मोरिशितासान एरवी मोजकं बोलणारे, पण त्या दिवशी खुलले. चुलीतला कोळसा नांगराने पार कालवून टाकलाय, म्हणाले, आणि नुसत्या घडणीवरून मी काळ सांगितला, तर तो चारपाचशे वर्षं इकडेतिकडे होईल. पण हा थर प्रयोगशाळेत गेला, की हे अन्न साधारण कधी शिजलं ते कळेल. हिसाकोसानने त्यांना इतकं वाकून वंदन केलं, की टोपी खाली पडली.

काळ्या थराला पाणी लावायचं नाही, हे त्यांनी सगळ्यांना बजावलं. विभाने ऐकलं, वर नव्याने आलेल्या दोघांना तिनेच समजावलं. आणि तरी व्हायचं ते झालंच.

त्या दिवशी पाऊस होता. हिसाकोसान दवाखान्यात, मोरिशितासान ऑफिसात. बाकी सगळे शेडमध्ये बसून गप्पा मारत खापरं धूत होते. मातीने लडबडलेल्या खापरांचा एक ट्रे विभाच्या टेबलावर आला. कुणी ठेवला म्हणावं, तर तिनेच ठेवला होता. माती निघाली, खाली काळं दिसलं आणि हात आपले चालू लागले. काळं होतं तेवढे तीनही तुकडे लख्ख झाले. दोनदा पाणी बदलून झालं. तिला बरंसुद्धा वाटलं हो! आणि मग उमगलं, की हे त्याच भांड्याचे तुकडे.

कुणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी जेवताना हरीशने सरळ सांगितलं, की गप्प बस, हजारो खापरांत कोण विचारतंय. विभाने ताट बाजूला सारलं. वर्षं कळणार म्हणून त्या म्हातारीने नखं झिजवली, आणि आपण ती वर्षं मोरीत ओतली, हे तिला सहन होईना.

सकाळी तिने मोरिशितासानना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. रागावले नाहीत, त्याचंच तिला रडू आलं. थर कुठे होता, किती जाड होता, एकेक विचारून त्यांनी वहीत उतरवलं. धुताना गेला, असं अहवालात लिहावं लागेल, म्हणाले. मग विचारलं, हिसाकोसानना मी सांगू? विभा म्हणाली, नको, मीच सांगते.

दुपारी दोघी डबे घेऊन बांधावर बसल्या. विभाने झाकणही न उघडता सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसून राहिली. हिसाकोसानचा चेहरा पडला. काही हरकत नाही, असं तिकडे उठता-बसता म्हणतात, ते ती म्हणाली नाही.

"वाईट वाटलं मला," ती म्हणाली. "फार वाईट वाटलं."

पलीकडे बिल्डरची माणसं कुंपणाचे खांब उतरवत होती. मग हिसाकोसानने विचारलं, की तो थर सगळीकडे सारखा होता का.

नव्हता. मोरिशितासानना सांगितलं तेच विभाने सांगितलं, की एकाच अंगाला जाड होता, दुसऱ्या अंगाला जवळजवळ नव्हताच. इतकी वर्षं भांडी घासलेल्या बाईला यात कळण्यासारखं एकच होतं, तेही तिने सांगून टाकलं. "भांडं विस्तवावर तसंच राहिलं होतं. शिजून झालं होतं, पण उतरवलं नव्हतं. कुणाची तरी वाट बघत असणार."

हिसाकोसान समोरच्या खड्ड्याकडे बघत राहिली.

"माझंही कितीदा करपलंय," ती म्हणाली. "हाका मारून घसा सुकायचा, पण हातातली ओळ संपल्याशिवाय हे काही शेतातून यायचे नाहीत." तिने डोळे पुसले. "वर्षं नाही कळली म्हणून सांगते त्यांना. पण इथे कोण होतं, ते कळलं."