जावयाची पिशवी तपासायची नसते

दाजींना ज्या गोळ्यांपासून सोडवायचं होतं, त्यातलीच एक गोळी मी त्यांना माझ्या हातानं, पाण्याच्या तांब्यासकट नेऊन दिली.

हे आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढं कुठंतरी मी शहाण्यासारखा वागेन अशी आशा वाचणाऱ्याला राहायला नको. ज्यांच्या घरी असा आजारी येईल त्यांनी माझ्याकडं बघून बरोबर उलटं वागावं, एवढ्यासाठी हे लिहितोय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शांताक्काचे यजमान. ट्रक चालवायचे. सोलापुरातनं चादरी भरायच्या, हैदराबादला उतरवायच्या, तिथं मिळेल ते भरून पुणं गाठायचं. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, सोलापुरात आमच्या भवानी पेठेत कुणाकडं फोन बसला की पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवायचे, तेव्हाची. एके दिवशी भर दुपारी मोहोळच्या अलीकडं दाजींनी रस्त्याच्या मधोमध ट्रक उभा केला, खाली उतरले आणि आडव्या आलेल्या बैलगाडीवाल्याशी कडाक्याचं भांडण काढलं. गाडीवाला काही ऐकेना. ऐकणार कसा? तिथं गाडीही नव्हती आणि बैलही नव्हते. मागच्या ट्रकवाल्यांनी त्यांना धरून सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात आणलं.

आधी मेंदूज्वर म्हणाले, मग टायफॉइड. रक्त घेतलं, लघवी घेतली, छातीचा एक्स-रे काढला. सगळं चांगलं येत होतं, आणि जसजसं चांगलं येत होतं तसतसे आम्ही जास्त घाबरत होतो. अक्का बाकाच्या टोकाला पदर तोंडात धरून बसली होती. मी दिसेल त्या पांढऱ्या कोटाला हात जोडत होतो. त्यातला एक धुतलेले कपडे पोचवायला आलेला निघाला.

शेवटी एक डॉक्टरबाई आल्या. त्यांनी टॉर्च मारून दाजींचे डोळे बघितले आणि मला विचारलं, "ड्रायव्हर आहेत ना? झोप उडवायच्या गोळ्या घेतात का?"

मी छाती पुढं काढली. "आमचे दाजी निर्व्यसनी आहेत, बाई. सुपारीचं खांडसुद्धा खात नाहीत."

"निर्व्यसनी माणसाच्या डोळ्यातली बाहुली एवढी फुगत नाही," बाई म्हणाल्या. "हे ॲम्फेटामिन आहे."

मला वाटलं, रस्त्यात काहीतरी चावलं असावं. बाईंनी समजावून सांगितलं. ॲम्फेटामिन म्हणजे मेंदूला चाबूक मारणारं औषध. गोळी घेतली की झोप पळते, भूक पळते, माणूस दोन माणसांचं काम करतो. ढाब्यावर चहाबरोबर मिळते, दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, एकीनं भागेनासं झालं की दुसरी घेतात. मग कान वाजायला लागतात, कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटतं, नसलेले बैल दिसतात.

"आता गोळी बंद," बाई म्हणाल्या. "बंद केली की जे होतं त्याला विड्रॉवल म्हणतात. भास थांबतील. मग हे झोपतील, खूप झोपतील. उठले की खूप खातील. चिडतील. त्याच्या पुढचा काळ वाईट. कशातच राम वाटणार नाही, तेव्हा यांना एकटं सोडायचं नाही. यावर दुसरी गोळी नाही. आणि घरी गेल्या गेल्या यांचं सामान तपासा."

मी प्रत्येक वाक्याला 'हो बाई' म्हणालो. घोळ तिथूनच सुरू झाला.

अक्काचं सासर अक्कलकोटच्या पलीकडं, खेड्यात. दवाखाना जवळ असावा म्हणून भास थांबल्यावर दाजींना आमच्याच घरी आणलं. आता आजारी माणूस घरी आणणं वेगळं आणि जावई घरी आणणं वेगळं. आमची आव्वा, म्हणजे आई, जुन्या वळणाची. इतक्या वर्षांत ती दाजींशी एक शब्द बोलली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि भिंतीला सांगितल्यासारखं मला सांगायची, "विचार की, भाकरी वाढू का?" दाजी समोर बसून ऐकत असायचे, तरी मी ते पुन्हा विचारायचं आणि त्यांचं 'नको' मी पुन्हा आत कळवायचं. मी म्हणजे घरातलं टेलिफोन एक्स्चेंज.

तर अशा घरात जावयाची पिशवी कोण तपासणार? आव्वाला विचारलं तर ती कानावर हात ठेवून म्हणाली, "अय्यो, जावई काय चोर हाय व्हय? शिवू नको त्या पिशवीला." मग मी मधला मार्ग काढला. खुंटीवरची पिशवी खाली न काढता बाहेरून दाबून बघितली, बाजारात कलिंगड दाबतात तशी. आणि बाईंना जाऊन सांगितलं, "तपासली. काही नाही."

दाजी झोपले. म्हणजे असे झोपले की आम्ही नाकापुढं बोट धरून बघायचो. आम्ही तयारी केली होती आरडाओरड्याची, आणि इथं माणूस ढिम्म. शेजारचे म्हणायला लागले, दवाखान्यात सुई चुकीची दिली. मला ते पटलं. मी बाईंकडं धावलो. त्या म्हणाल्या, "झोपतायत? छान." घरी आलो तर दाजी उठून चटणी आणि कडक भाकरीचा फडशा पाडत होते. मला वाटलं, बरे झाले. पुन्हा बाईंकडं धावलो. "खातायत? छान," बाई म्हणाल्या, "पण बरे झालेले नाहीत." मला आजार कशाला म्हणायचं आणि बरं होणं कशाला, हेच कळेना. आव्वा मात्र खूष. जावई पहिल्यांदाच पोटभर जेवत होता.

मग झोप कमी झाली आणि बाईंनी सांगितलेला वाईट काळ आला. दाजी भिंतीकडं तोंड करून बसायचे. रेडिओ लावला तर बंद करा म्हणायचे, बंद केला तर का केला म्हणायचे. पुरणपोळी केली, तर तिला हात लावला नाही. एकदा मी जवळ बसलो तर हळूच म्हणाले, "रेवण, त्या दिवशी गाडी थांबवायलाच नको हुती बघ. गेलो असतो सरळ, कुटंतरी धडकून मोकळा झालो असतो."

मी म्हणालो, "चहा घेणार का?" माझी अक्कल तेवढीच चालली. पण अक्काला सांगितलं, तेवढं शहाणपण केलं. त्या दिवसापासून ती त्यांच्यापासून हललीच नाही. नुसती जवळ बसायची, तांदूळ निवडत. एकच सूप ती चार वेळा निवडायची.

एका सकाळी ती आंघोळीला गेली आणि मला राखणीला बसवलं. दाजी म्हणाले, "डोकं लई दुखतंय. पिशवीत साबणाची डबी हाय, त्यात डोक्याची गोळी हाय. एक दे की."

आता जावयानं मागितलं आणि आम्ही नाही म्हणालो, असं आमच्या घरात घडलेलं नाही. मी डबी उघडली, गोळी काढली, तांब्या भरून आणला. आव्वा दाराआडून म्हणाली, "पाणी माठातलं दे." मी माठातलं दिलं.

दुपारपर्यंत चमत्कार. दाजींनी दाढी केली. गळका नळ दुरुस्त केला. मला हैदराबादच्या गमती सांगितल्या, हसून हसून आमची पुरेवाट झाली. आव्वानं शेजारी साखर वाटली. मी तर सायकल काढून दवाखान्यात गेलो आणि रांगेतल्या लोकांना बाजूला सारत बाईंना सांगितलं, "बाई, एकदम बरे झाले. माझ्या सेवेनं." बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "एकदम कुणी बरं होत नाही. त्यांना काय दिलंत?"

"डोक्याची गोळी," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच ती साबणाच्या डबीतली होती हे आठवून सायकलकडं पळत सुटलो.

घरी पोचलो तर अक्कानं आधीच ओळखलं होतं. दाजी एकच चादर घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते, आणि दात करकर वाजत होते. तिनं हे सासरी कितीदा बघितलं होतं, फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं. तिनं खुंटीवरची पिशवी काढली आणि माजघरात उलटी केली. साबणाची डबी, मोज्याची गुंडाळी, कंगव्याचं पाकीट, सगळीकडून पांढऱ्या गोळ्या घरंगळल्या.

आव्वा दाराआडून म्हणाली, "शांता, जावयाची पिशवी..."

"गप बस आव्वा!" अक्का ओरडली. "तुज्या मानपानात माजं कुंकू जाईल! आन् तू रे रेवण्या, तुला राखण बसवलं हुतं का वाडपी म्हणून?"

दाजी उठले. दारात त्यांच्या मालकाचा माणूस येऊन उभा राहिला होता, चादरी भरून तयार होत्या, ड्रायव्हर पाहिजे होता. दाजींनी पायात चपला घातल्या. "जातो मी," म्हणाले. "हितं बसून मला याड लागंल. गाडीवर बसलो की बरा हुईन." अक्कानं हात धरला, त्यांनी तो झटकला. मी मध्ये गेलो आणि बाजूला ढकलला गेलो. गाडीवर बसले की पहिल्या ढाब्यावर काय होणार, आणि त्यापुढं कुठल्या वळणावर काय होणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा आव्वा बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण दाराआडून ती पूर्ण बाहेर आली, दाजींच्या समोरून चालत गेली आणि बाहेरच्या उंबऱ्यात बसली. उंबऱ्यात बसू नये म्हणून आम्हाला जन्मभर रट्टे देणारी ती. जायचं तर जावयानं सासूला ओलांडून जायला हवं होतं.

ती मान वर करून थेट दाजींशी बोलली. "अप्पा, घाला पाय. जावा वलांडून. माज्या पोरीला मी काय सांगू, तेवढं बोलून जावा."

दाजी तिथंच थबकले. दारातला मालकाचा माणूस कधी निघून गेला कळलंच नाही. बऱ्याच वेळानं दाजींनी चपला काढल्या, आणि आव्वाच्या पुढ्यात जमिनीवरच बसून लहान पोरासारखे रडले. आव्वानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मलाही रडू येत होतं, पण माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

अक्कानं सगळ्या गोळ्या वेचून बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. बाई म्हणाल्या, आता पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ती झोप, तीच भूक, तीच भिंत. फरक एवढाच की आता पिशवी रोज उलटी व्हायची, आणि आव्वा समोर येऊन वाढायची. माझं एक्स्चेंज बंद पडलं.

किती आठवडे गेले ते मोजले नाहीत. चांगला दिवस आला की मागून वाईट यायचा. एकदा जेवताना दाजी म्हणाले, "आव्वा, चटणीत लसूण कमी पडलाय." बाईंना सांगितलं तर त्या पहिल्यांदा हसल्या. तोंडाला चव येणं, तक्रार करावीशी वाटणं, ही खरी खूण म्हणाल्या. दाजींनी लांबचा ट्रक सोडला आणि अक्कलकोटच्या वाटेवर दिवसा चालणारा टेम्पो धरला. कधीकधी अजून गप्प होतात. मग अक्का तांदूळ घेऊन बसते.

ज्यांच्या घरी हे चाललं असेल त्यांना सांगतो, घाबरू नका आणि हुरळूही नका. झोपला म्हणजे मेला नाही, हसला म्हणजे बरा नाही. डॉक्टर जे सांगतील ते करा, आणि केलं नसेल तर केलं म्हणू नका. त्या बाईंचे, अक्काचे आणि आव्वाचे उपकार मी फेडू शकत नाही.

शेवटच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो होतो. बाईंनी दाजींचे डोळे बघितले, वजन बघितलं, समाधानानं मान हलवली आणि अक्काला म्हणाल्या, "आता एकच पथ्य. औषध, पैसा, किल्ली, काही म्हणजे काही या माणसाच्या हातात द्यायचं नाही."

मी पुढं सरसावलो. "काळजी सोडा, बाई. दाजींच्या हाताला मी काही लागू देणार नाही."

"त्यांच्या हातात खुशाल द्या," बाई म्हणाल्या. "मी तुमच्याबद्दल बोलतेय."