निळ्या झाकणाचा मान

माझ्या मेहुण्यानं नवा ट्रक घेतला, तेव्हा ट्रकबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक त्यानं सरळ माझ्या हातात ठेवलं. "दाजी, तुम्ही वाचा आन् मला सांगा." आमच्या सासरी कामाची वाटणी अशीच आहे. वस्तू ते वापरतात, त्यांची पुस्तकं मी वाचतो. शिरूरच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला आणि भेळेचा कागदसुद्धा मी दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय टाकत नाही. त्यामुळे मिक्सर, पाण्याची मोटर आणि फवारणीचा पंप या विषयांत सासरवाडीला माझा शब्द शेवटचा असतो. यातलं एकही यंत्र मी कधी उघडलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मिक्सरच्या पुस्तकापेक्षा ट्रकचं पुस्तक रंगतदार निघालं. हल्लीच्या ट्रकला दोन टाक्या असतात. मोठीत डिझेल. दुसरी लहान, निळ्या झाकणाची. तिच्यात पाण्यासारखं दिसणारं युरियाचं द्रावण भरायचं. ते सायलेन्सरच्या वाटेवर धुरात फवारलं जातं आणि धुरातलं विष मारतं. पुढे काळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह काढून बजावलं होतं की निळ्या झाकणात चुकून डिझेल गेलं, तर किल्लीला हात लावू नका. किल्ली फिरली की पंप ते डिझेल ओढतो, आतली रबरं फुगतात आणि धूर साफ करणारी सगळी यंत्रणा बदलावी लागते.

हे मी मेहुण्याला वाचून दाखवलं. तो हसला. "दाजी, एवढं येडं कोण असतंय?"

त्यानं प्रमुख पाहुणे अजून ठरवले नव्हते, म्हणून तो हसू शकला.

मेहुणा दौंडकडच्या राहू गावचा. तिथल्या रिवाजाप्रमाणे ट्रकची पूजा झाली म्हणजे कार्यक्रम झाला, आणि कार्यक्रम झाला म्हणजे आप्पा आले. आप्पा त्या भागातल्या एका पतसंस्थेचे चेअरमन. विहिरीवरच्या मोटरीपासून मोबाईलच्या दुकानापर्यंत जे जे नवं असेल ते त्यांच्या हस्ते सुरू होतं. ट्रकच्या बाबतीत दोन मान त्यांचे ठरले. आधी तांब्याच्या कलशातून पहिलं डिझेल टाकीत ओतायचं, मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून पहिली किल्ली मारायची. त्याच संध्याकाळी ट्रक कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात पहिला माल भरायला लागणार होता. वेळेत पोचला तर वर्षभराचं काम, नाही तर दारात दुसऱ्याचा ट्रक उभाच होता. मेहुण्यानं शेती भावावर सोपवून सगळा जीव या एका कामात घातला होता.

सूत्रसंचालन अर्थातच शिकलेल्या जावयाकडे, म्हणजे माझ्याकडे.

डिझेलच्या टाकीवर माझ्या बायकोनं सकाळीच कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, झेंडूची माळ घातली होती. चूक होण्याचं कारणच नव्हतं. पण डिझेलची टाकी होती गोठ्याच्या बाजूला आणि आप्पांचा बॅनर होता मांडवाच्या बाजूला. फोटोग्राफर म्हणाला, "आप्पा, हिकडं या, मागं तुमचा बॅनर येतोय." बॅनरकडे पाठ आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं राहणं ही आप्पांची पंचवीस वर्षांची सवय. ते आले. समोर एक सुबक निळं झाकण होतं. कुणीतरी तत्परतेनं ते उघडून दिलं. मी माइकवर 'इंधनरूपी अमृत' असं काहीतरी बोलत होतो, तेवढ्यात आप्पांनी कलश पालथा केला. टाळ्या पडल्या.

ड्रायव्हर माझ्या कानाशी आला. मूळचा बिहारचा, मितभाषी माणूस. "मास्टरजी, नीलेवाले में डाल दिया."

मेहुण्याचा चेहरा कलशासारखाच रिकामा झाला. पुढच्या पाटावर किल्लीचं तबक तयार होतं. लाल फीत बांधलेली किल्ली आप्पांनी उचललीसुद्धा होती.

"दाजी, काय करायचं आता?"

"सांग त्यांना, चुकलं म्हणून."

"मी सांगू? एवढ्या माणसांत? त्यापरीस ट्रकला काडी लावतो."

ड्रायव्हरनं बॅटरीचा स्विच बंद करायचं सुचवलं. मग किल्ली फिरवून काहीच झालं नसतं.

"आन् आप्पांच्या हातानं नवी गाडी चालूच झाली न्हाई, असं उद्या दौंडपतुर होईल," मेहुणा म्हणाला. "आप्पा मला जल्मात इसरायचे न्हाईत."

आप्पांचा एक पाय ट्रकच्या पायरीवर गेला होता. माझ्या हातात माइक होता. सूत्रसंचालकाला गप्प बसणं जमत नाही, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मलाही नवीन होतं.

"थांबा! किल्लीच्या आधी आपल्या भागाची एक जुनी परंपरा पाळायची आहे. नव्या गाडीचं पहिलं पाऊल इंजिनानं पडत नाही. ते माणसांच्या हातानं पडतं. आपले वाडवडील नवी गाडी पहिल्या दिवशी दोर लावून शिवेकडे ओढत नेत. आणि त्या दिवशी तिला किल्ली लावत नसत!"

वाडवडिलांच्या बैलगाड्यांना किल्ल्या नव्हत्या, हे वाक्य संपल्यावर माझ्या लक्षात आलं. आप्पांनी पायरीवरचा पाय खाली घेतला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"बरं झालं गुरुजी आठवण केलीत," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "आमच्या आज्यानं पहिली गाडी आशीच वढत नेली व्हती. ह्या पोरांना काय ठावं!"

"व्हय व्हय," मागून एक म्हातारा म्हणाला, "म्या डोळ्यांनी बघितलंय."

परंपरा मिनिटभर वयाची होती आणि तिला साक्षीदार मिळाला होता.

ताडपत्री बांधायचा नवा दोर पुढे बांधला गेला. ड्रायव्हर आत बसला. त्यानं बॅटरीचा स्विच आधी बंद केला आणि मगच हँडब्रेक सोडला. आप्पा सगळ्यात पुढे, मागे गावची तीसेक माणसं. "बोला, पुंडलिक वरदे..." झालं आणि ट्रक हलला. मग तो जरा जास्तच हलला, कारण मांडवापासून रस्त्याकडे उतार आहे हे मी परंपरा स्थापन करताना विचारात घेतलं नव्हतं. शहाणी माणसं दोर सोडून बाजूला झाली. आप्पांना मागचं काही दिसत नव्हतं. ते नेटानं ओढत होते, दोर ढिला पडत होता आणि मागून फुलांनी मढलेला ट्रक त्यांच्या धोतरावर चाल करून येत होता. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला तेव्हा दोघांत एका म्हशीपुरतं अंतर उरलं होतं. फोटोत मात्र एकटे आप्पा आणि त्यांच्या मागोमाग आलेला ट्रक एवढंच दिसतं. तो फोटो पुढे पतसंस्थेत फ्रेम करून लागला.

किल्ली आप्पांनी मेहुण्याला सन्मानानं परत केली. त्यांची गाडी वळणाआड जाताच आम्ही शिरूरच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिकडच्या माणसानं एकच विचारलं, "किल्ली फिरवलीत का?"

"न्हाई."

"मग वाचलात."

तो मोटारसायकलवर आला. टाकीतलं सगळं खाली काढलं, टाकी डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हापुन्हा धुतली, ताजं द्रावण भरलं. मी शेजारी उभा राहून पुस्तकातून सूचना मोठ्यानं वाचत होतो. दोन पानांनंतर तो म्हणाला, "सर, मनात वाचता का?" दिवस कलता कलता ट्रक सुरू झाला. डॅशबोर्डवर एकही दिवा पेटला नाही. मेहुणा देवाच्या नाही, ट्रकच्या पाया पडला आणि कोरेगावकडे निघाला. माल मिळाला. काम अजून त्याच्याकडेच आहे.

परंपराही आहे. आता त्या बाजूला नवा ट्रॅक्टर, जेसीबी, एवढंच काय इलेक्ट्रिक स्कूटरसुद्धा दोर लावून ओढतात. माझ्या मुलीनं मोटार घेतली आणि मी नुसता नारळ फोडला, तेव्हा सासरवाडीनं मलाच सुनावलं, "दाजी, शिकलेल्या माणसांनीच रीत सोडली तर कसं व्हायचं?"

गेल्या वर्षी मेहुण्यानं दुसरा ट्रक घेतला. या वेळी बॅनर मी आठवणीनं डिझेलच्या टाकीच्या बाजूला लावून घेतला. आप्पा आले, कलश हातात घेतला, डिझेलच्या टाकीकडे पाहिलं आणि थांबले.

"मागल्या बारीला निळं झाकण व्हतं," ते म्हणाले. "त्योच मान. त्या गाडीला लई लाभला."

आणि बॅनर सोडून चक्क ट्रकला वळसा घालून गेले. श्रद्धेनं माणूस किती बदलतो ते मी त्या दिवशी पाहिलं. मी घाबरून मेहुण्याकडे वळलो. तो शांत होता. आप्पांना तो माझ्यापेक्षा जास्त ओळखतो.

आप्पांनी कलशात डोकावलं. "कलश ह्या टायमाला स्टीलचा? आन् डिझेल असं पाण्यावानी?"

"लई शुद्ध हाय, आप्पा," मेहुणा म्हणाला. "तांब्यात ठिवलं की बिघडतंय. दाजींनी पुस्तकात वाचलंय."

आप्पांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि सगळा युरिया निळ्या झाकणात, अगदी जिथं जायला हवा तिथं, ओतला. मी माइकवर टाळ्या मागितल्या. मग आम्ही दोर आणला.