वाकळेचा चौथा कोपरा

उसाला रात्रीचं पाणी धरण्यात माझी उमर गेली. ओढ्याला, मसणवट्याच्या बांधावर, सगळीकडं एकटा हिंडलो. साप दिसले, कोल्ही दिसली, एकदा बिबट्याची पावलं दिसली. भूत काही दिसलं नाही. कुणी सांगायला लागलं की मी म्हणायचो, असंल तर पाठवून दे माझ्याकडं, मोटार चालू-बंद करायला माणूस मिळंना झालाय. असा मी माणूस. चौथी शिकलेला आणि तोंडानं फाटका. तेव्हा हे लिहितोय ते कुणाला भिववायला नाही. भिण्यासारखं त्यात काही नाहीच. नात म्हणाली, आबा, बोलता तसंच लिहा... म्हणून लिहितो.

मी बारामतीजवळच्या काटेवाडीचा. माझी बायको हौसा पळसदेवची. पळसदेव म्हणजे इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याला. आत्ताचं गाव वरच्या अंगाला आहे. ती जिथं वाढली ते जुनं गाव धरण भरलं तेव्हा पाण्याखाली गेलं. घर, गोठा, पार, सगळं. एक जुनं देऊळ तेवढं उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. आमचं लग्न धरणाच्या आधीचं. हौसा म्हणायची, "समद्या बायकांचं म्हायार लांब असतंय, माजं खोल हाय."

दिवाळीनंतर हौसा गेली. सकाळी चहा घेतला, गोठ्यात गेली, गाईला पेंड ठेवली आणि तिथंच खाली बसली. त्यावर जास्त लिहीत नाही.

जाताना एक वाकळ अर्धी ठेवून गेली. वाकळ म्हणजे गोधडी, जुन्या लुगड्यांची. आमची नात पूजा पुण्यात असते, तिला दिवस राहिल्याचं कळल्या दिवशी हौसानं ती शिवायला घातली होती. लहान, बाळाच्या मापाची. तिच्या माहेरची एक रीत होती. वाकळेचे तीन कोपरे शिवून घ्यायचे आणि चौथा उघडा ठेवायचा. त्या उघड्या कोपऱ्यात माहेरच्या चुलीवरच्या भाकरीचा एवढासा घास घालायचा, आणि जिनं वाकळ घातली तिनंच तो कोपरा बंद करायचा. हात बदलायचा नाही. उपाशी वाकळ ऊब देत नाही म्हणायची. भाऊ होता तोवर ती पळसदेवला जाऊन भाकरी बांधून आणायची. भाऊ गेला, त्याची पोरं पांगली, आणि ह्या वाकळेचा चौथा कोपरा तसाच राहिला. सुई त्यातच टोचलेली, दोऱ्यासकट.

माझी थोरली बहीण, आक्का, दुखवट्याला आली तेव्हा तिनं ती बघितली.

"ही बाळाच्या अंगावं घालायची न्हाय हां," म्हणाली. "मेलेल्या बाईची अर्धी वाकळ. उपाशी हाय ती. बाळाची ऊब खाईल. तिच्या म्हायारच्या पाण्यात सोड."

"तू गप. फडकी हायती ती, लांडगा हाय व्हय खायला?"

"सोड म्हणत्ये ना. तुजं काय जातंय? गेलं तर पोरीचं जाईल."

आता बघा. मी मानणारा नव्हतो. पण पहिलटकरीण नात, तिला आधीच डॉक्टरनं जपायला सांगितलेलं. स्वतःच्या जिवावर माणूस पैज मारतो, दुसऱ्याच्या नाही मारवत. तिकडं पूजा फोनवर दर खेपेला विचारायची, "आबा, आजीची गोधडी नीट ठेवलीय ना? मला बाळाला तीच हवीय." मी हूं म्हणायचो.

मग चैत्रात पूजा आणि तिचा नवरा योगेश गाडी घेऊन आले. म्हणाले, आबा, दोन दिवस फिरून येऊ, तुम्ही घरात बसून बसून वाळत चाललाय. योगेशनं मोबाईलवर बघून एक गेस्ट हाऊस ठरवलेलं. कुठं, तर पळसदेवला. पाण्याच्या कडंला. मी आत गेलो, वाकळ कापडी पिशवीत घातली आणि वर एक अर्धी वीट ठेवली. बुडायला पाहिजे ना. नुसती वाकळ पाण्यावर हिंडत राहिली असती, ते मला बघवलं नसतं.

गेस्ट हाऊस म्हणजे केळीच्या बागेच्या कडंला पत्र्याच्या चार खोल्या. पुढं झोपाळा, बाजा टाकलेल्या, आणि समोर पाणी... नजर संपते पण पाणी संपत नाही. चालवणारी सविता आणि तिचा नवरा दत्ता. ती रांधणार, तो होडीतून पाव्हण्यांना फिरवणार. फ्लेमिंगो दाखवणार, देऊळ दाखवणार, सूर्य मावळताना दाखवणार. मी म्हणालो, "सूर्य काय काटेवाडीत मावळत न्हाय व्हय?"

"मावळतोय की आबा," सविता म्हणाली, "पण तितं चिलापी माशाचं कालवण मिळत न्हाय."

बाई बोलायला खमकी होती. जेवताना तिनं विचारलं कुठलं, कोण. हौसाचं माहेर सांगितलं तशी तिनं दत्ताला हाक मारली. "अवो, हितं या. हे गावचं जावई हायती." मग मला म्हणाली, "सासुरवाडीत खोली बुक करून ऱ्हायल्याला जावई मी पैल्यांदाच बगितला."

दत्ता हात पुसत आला. हौसा त्याच्या गावची, म्हणजे आत्या, म्हणजे मी मामा झालो. पाया पडला. त्याची आई हौसाच्या आळीतलीच होती म्हणे, आता नाही ती. पाणी चढायला लागलं तेव्हा कुणी दारं काढून आणली, कुणी तुळया. त्याच्या आईनं चुलीचे दगड आणले. सविता रांधत होती ती तीच चूल. पाव्हणे त्याचे फोटो काढतात. योगेशनं पण काढले.

दुसऱ्या दिवशी न्याहारी उरकून होडीतून जायचं ठरलं. पूजाचे पाय सुजलेले, ती खोलीवरच थांबली. निघताना माझ्या पिशवीकडं बघून म्हणाली, "आबा, त्यात काय आहे?"

"टॉवेल."

सवितानं भाकरी, चटणी, कांदा फडक्यात बांधून दिला. ते पण पिशवीत ठेवलं. होडीत चढताना दत्तानं हात द्यायला पिशवी घेतली आणि हसला. "मामा, देवाला विटा वाहतासा काय?" मी म्हणालो, "होडी हाक."

पाणी अगदी सपाट होतं. ऊन होतं पण धुरकट, दुधातनं आल्यासारखं. लांब फ्लेमिंगो उभे होते, पांढरे-गुलाबी, हलत नव्हते. होडीचं इंजिन बंद करून दत्ता वल्ह्यानं नेत होता, पक्षी उठू नयेत म्हणून. खाली बोट दाखवून सांगायचा, "ही म्होरली आळी... हितनं पाणंद जात हुती..." मी वाकून बघितलं. हिरवं पाणी. पण एकदा वाटलं की आपण गावाच्या वरनं चाललोय, घारीसारखं, आणि खाली कुणीतरी अंगण झाडतंय.

देवळापाशी मी उतरलो. म्हणालो, मी बसतो हितं, तुमी जावा पाखरं बघायला. योगेश फोटो काढायला अधीर झालेला. होडी गेली.

देऊळ म्हणजे कोरडा चिखल, भेगा पडलेला. खांबांवर पाण्याच्या रेघा. कोपऱ्यात शिंपल्यांचा खच. पण आत गार... आणि पाण्यावरचा उजेड छताला लागून हलत होता, वाऱ्यावर लुगडं वाळत घातल्यासारखा. मी देवाला हात जोडले नाहीत. दिवाळीपासून आमचं बोलणं बंद आहे.

वाकळ बाहेर काढली. वीट काढली. मग विचार केला, एवढ्या दिवसांत एकदा तरी हिच्यावर टेकावं. टाकायचीच तर आहे. फरशीवर अंथरली, भाकरीचं गाठोडं बाजूला ठेवलं आणि एक कूस टेकवली. माझ्यासारख्या माणसाला ती पाठीपुरती पण नाही. लुगड्यांना अजून तिच्या पेटीचा वास होता.

झोप लागली का नाही हे मला आजही सांगता येत नाही. डोळे मिटलेले होते. पण ऐकू येत होतं. आधी लाटा. मग लाटांच्या आतून दुसरंच काहीतरी. जात्याची घरघर. रहाटाचा आवाज. कुणीतरी वासराला दटावलं. कुणीतरी लांबून हाक मारली आणि कुणीतरी "आल्ये" म्हणालं. चूल पेटल्याचा वास आला, ओल्या लाकडाचा, डोळ्याला झोंबणारा. सकाळी गाव उठतं तसं हळूहळू सगळं गाव उठत होतं, आणि मी त्यात कुठंतरी पडून होतो, आणि मला वाटत होतं, ठीक आहे, इथंच तर आहे आपण.

मग अगदी जवळ, कानापाशी, बांगड्या वाजल्या.

"सरका वाईच," हौसा म्हणाली. "कोपरा अंगाखाली घेतलाय तुमी."

ते ऐकून मी दचकलो नाही. हे मला सगळ्यात नवल वाटतं. घरी दुपारचा मी आडवा असायचो आणि ती शेजारी वाकळ घेऊन बसायची, तेव्हा शंभरदा म्हणायची ती हे. मी पण नेहमीसारखा डोळे न उघडता सरकलो. वर पुटपुटलो पण, "झोपू दी की बाई."

"झोपा. मी कुटं उठवलंय."

कापड ओढल्याचं कळलं. दोरा कापडातून जाताना सर्र असा बारीक आवाज होतो, तो येत राहिला. मग दातानं दोरा तोडल्याचा आवाज. टक. तिला कात्री लागायची नाही कधी. आणि मग नुसत्या लाटा.

होडीच्या इंजिनानं मी उठलो. त्याखेरीज चिलटाचा पण आवाज नव्हता. आडवा झालो होतो तिथनं सरकून मी देवळाच्या पार दुसऱ्या अंगाला, खांबाला लागून पडलेलो. वाकळ माझ्या शेजारी, चौघडी घातलेली. मी उचलली. सवयीनं बोट उघड्या कोपऱ्यात घालायला गेलो... आणि बोट आत जाईना.

कोपरा शिवलेला होता.

 हौसा डावखुरी होती. तिचा टाका उलट्या अंगाला कलायचा, बाकी बायका हसायच्या. ह्या कोपऱ्याचे टाके तसेच कललेले. दाबून बघितलं तर आत एक बारकासा कठीण खडा. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापतो, सुईत दोरा ओवणं तर लांबच, सुई दिसत पण नाही. आणि सुई... ती नव्हती. मी फरशी चाचपली, शिंपले उलथेपालथे केले. वाकळ पुरी झाली की हौसा सुई चोळीला टोचून ठेवायची. बाळाच्या अंथरुणात सुई राहू नये म्हणून.

भाकरीचं गाठोडं बांधलेलंच होतं. सोडलं. वरच्या भाकरीची कड एवढीशी तुटलेली.

दत्ता आणि योगेश आले. मी म्हणालो, "कोण आलं हुतं का हितं?"

"मामा, हितं कोण येणार? होडी तर माझ्यापाशी."

"काय झालं आबा?" योगेश म्हणाला. "चेहरा असा का?"

"काय न्हाय. झोपलो हुतो."

वीट मी तिथंच ठेवून आलो.

गेस्ट हाऊसला आल्यावर आधी सविताकडं गेलो. ती चुलीपुढं बसलेली. विचारलं, "भाकरी देताना त्यातली मोडली हुती का?"

"मोडकी भाकरी कशी दीन जावयाला?" ती म्हणाली. मग माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "कमी पडली का?"

"न्हाय. पुरली."

पूजा बाजेवर पाय वर करून बसलेली. मी वाकळ तिच्या मांडीवर ठेवली. तिनं उलगडली, चारी कोपरे चाचपले. लहानपणापासून आजीच्या शेजारी बसलेली पोर ती, तिला रीत माहीत. चौथ्या कोपऱ्यावर बोट थांबलं.

"आबा, हा तर उघडा होता. मी दिवाळीत बघितला होता."

"व्हय."

"मग कुणी...?"

मी सांगितलं सगळं. वीट पण सांगितली. योगेशनं दोन-तीन खुलासे काढले. कुणी मच्छीमार बाई आली असेल, नाहीतर हौसानंच आधी शिवला असेल आणि आम्ही सगळे विसरलो. पूजानं वाकळ पोटावर ओढून घेतली आणि दिवस कलेपर्यंत तशीच पाण्याकडं बघत बसली. सूर्य मावळत होता. काटेवाडीतल्यापेक्षा बरा मावळला, हे मान्य करतो.

मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. पोर त्या वाकळेशिवाय झोपत नाही. आक्कानं येऊन कोपरा चाचपला, माझ्याकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता चहा पिली. योगेश एकदा म्हणाला, कोपरा उसवून बघू, आत काय आहे ते कळेल. पूजानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं विषय सोडला. मला पण बघायचं नाही. जे आहे ते आत राहू दे.

काय झालं ते मला अजून सांगता येत नाही. भूत मी आजही मानत नाही. कुणी वाचणाऱ्यानं उलगडून सांगितलं तर ऐकून घेईन, पटेलच असं नाही. एक मात्र झालंय. ती गेल्यापासून मी बाजेवर मधोमध झोपत होतो, सगळी बाज आपलीच म्हणून. पळसदेवहून आल्यापासून सरकून झोपतो, कडंला. घरी सून म्हणते, "आबा, पडाल की एखाद दिवशी."

तिला म्हणतो, न्हाय पडत. सवय हाय.