बांधून टाक

स्कॉटलंडच्या डोंगरातल्या सराव छावणीवर मला तीन आठवड्यांचं पोस्टिंग मिळालं, तेव्हा मी एडिनबरात सर्जन होतो आणि फौजेच्या रिझर्व्हमध्ये मेजर. आमचं फील्ड हॉस्पिटल म्हणजे चार तंबू, एक ऑपरेशन टेबल, एक ॲम्ब्युलन्स. पेशंट म्हणजे टाचेला फोड आलेले जवान. हात रिकामे असले की माझं तोंड चालतं. दुपारच्या चहाला मी स्टाफला लेक्चर द्यायचो. विषय एकच, सातशे वर्षांपूर्वीचा माझा लाडका फ्रेंच सर्जन.

राजाच्या फौजेबरोबर हिंडलेला माणूस. त्या काळी जखमेत पू होणं हे चांगलं लक्षण मानायचे, मलम कोंबून मुद्दाम पू आणायचे. हा म्हणाला, कशाला? वाइनने धुवा, कडा जुळवा, टाके घाला, कोरडं ठेवा. पंडित त्याच्यावर तुटून पडले. शेवटी आजारपणात ग्रंथ लिहायला बसला, तो अपुराच राहिला. हे मी रंगवून सांगायचो. मातीने भरलेली, चिरडलेली जखम मात्र आपण शिवत नाही, उघडी ठेवून काही दिवसांनी शिवतो, हे सांगायचं राहिलं. सगळ्यांना ठाऊक असणार असं मी धरून चाललो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो, दुसरं काय!

नर्सिंग ऑफिसर लेफ्टनंट रेवा वहीत सगळं लिहून घ्यायची. ती लंडनच्या एजवेअरला मराठी घरात जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं, पण टाके घालण्यात तयार. तिच्याशी मी हट्टाने मराठी बोलायचो. छावणीत दुसरं कोण होतं माझ्याशी मराठी बोलायला?

दहावा दिवस. ०९२० ला रेडिओ वाजला.

"ट्रक उलटलाय. दोन कॅज्युअल्टी. ओव्हर."

०९५० ला दोघे आले. ड्रायव्हरच्या छातीला मार होता, तो मी घेतला. दुसरा साधा जवान, प्रायव्हेट कॅलम रीड, वय बावीस. लोखंडी कडेने मांडी फाटलेली, आत चिखल आणि मेंढ्यांच्या लेंड्या. तरी गडी थट्टा करत होता.

पडद्यापलीकडून रेवाने विचारलं, "सर, थायचा जखम वॉश झाला. नाऊ व्हॉट?"

मी ड्रायव्हरच्या छातीत नळी घालत होतो. "बांधून टाक."

"बांधू? आर यू शुअर?"

"हो गं, बांध. लवकर."

मला पट्टी म्हणायची होती. तिला ऐकू आलं 'टाय', म्हणजे टाके घालून गाठी मार. माझी लेक्चरं ऐकलेल्या मुलीला ते खरंच वाटणार.

१०४० ला ड्रायव्हरला घेऊन ॲम्ब्युलन्स गेली. धुक्यामुळे हेलिकॉप्टर नव्हतं.

"दुसरी कॅज्युअल्टी? ओव्हर."

"थांबू शकते. ओव्हर," मी रेडिओवर कळवलं.

कॅलमच्या कार्डावर मी लिहिलं, 'जखम धुतली, ड्रेसिंग केलं', आणि सही केली. पट्टी उचलून पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी १३०० ला तो म्हणाला, "सर, पट्टी फार घट्ट झालीय." थट्टा बंद झाली होती. मी पट्टी कापली. अकरा सुबक टाके. भोवतीची कातडी काळपट पडलेली, बोटाखाली कुरकुरत होती. गॅस गँग्रीन, शिवून बंद केलेल्या जखमेत मातीतले जंतू माजले होते.

"तुम्हीच बोललात ना, बांध?" रेवा म्हणाली.

मी उभ्या उभ्या टाके तोडले. दुपारी शहरातल्या हॉस्पिटलात त्याचा पाय कापला. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅलम गेला.

चौकशीत मी सांगितलं की ऑर्डर माझी, सहीही माझी. यात मोठेपणा काही नाही, ती वस्तुस्थिती आहे. रेवाने फौज सोडली. माझा फोन उचलते, पण आता फक्त इंग्रजीत बोलते. मला ते लागतं, आणि लागायलाच हवं.

महिनाभराने मी कॅलमच्या आईकडे गेलो. काही न लपवता सांगितलं.

बाई म्हणाल्या, "पहिल्या संध्याकाळी त्याने फोन केला होता. म्हणाला, मम, नर्सने इतकं छान शिवलंय की डागसुद्धा राहणार नाही."

म्हणजे कॅलमला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मी दोनदा त्याच्या खाटेशी उभा होतो. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.