चाकांवरचा हत्ती

परवा नातवाचा तान्ह्या पोळ्याचा, सणाला मुलं ओढत नेतात तो चाकांचा लाकडी बैल रंगवायला बसले. ऑइल पेंटच्या डबीचं झाकण उघडलं आणि त्या वासासरशी मी थेट आमच्या हिंगण्याच्या क्वार्टरमध्ये जाऊन पोचले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आतेभाऊ बंडूदादा आणि मी जेवणाच्या टेबलावर प्राचीन काळातली युद्धं खेळायचो. बोटाएवढे शिशाचे सैनिक, आम्हीच रंगवलेले. चाल पट्टीनं मोजायची आणि लढतीचा निकाल फाशावर. दादा रोमन, मी त्यांच्या शत्रूची, कार्थेजची. हरेल त्यानं भर दुपारी बादल्या वाहून कूलर भरायचा. सगळा मे महिना तो मीच भरला.

कार्थेजचे लोक लढाईत हत्ती आणायचे, म्हणून मला हत्ती हवा, आणि हत्ती काही मिळेना. शेवटी मी माझा तान्ह्या पोळ्याचा बैल राखाडी रंगवला, खळीनं कागदाची सोंड चिकटवली. शिंगांचे सुळे झाले.

"बैलाले हत्ती म्हणून राहिली का वं?" दादा पोट धरून हसला.

त्याचे घोडेस्वार अंगावर आले, तसा मी बैल पुढे ढकलला. फाशावर एक पडला तर हत्ती बिथरून आपल्याच सैन्याला तुडवणार, असा नियम होता. डोळे मिटून फासा टाकला.

सहा!

रोमन घोडदळ टेबलाच्या कडेपर्यंत पळालं. मी अशी ओरडले की शेजारच्या काकू धावत आल्या. त्या गडबडीत सोंड गळून पडली. दादानं ती उचलून जागेवर चिकटवली आणि बादली घेऊन पाणी आणायला निघाला.

तेव्हा मला त्या सहाचंच कौतुक होतं. आज कानात आहे ते दादाचं दारातून आलेलं वाक्य.

"सांभाळ वं, तुह्या हत्तीले."